आण्याला आण्याने भागताना

वहीत गणित असते : ८/९ ÷ २/९. सहावी-सातवीतील मुलगा ते पाहतो, दुसरा अपूर्णांक उलटा करतो, भागाकाराच्या जागी गुणाकाराचे चिन्ह मांडतो, ८/९ × ९/२ असे लिहून वर ७२ आणि खाली १८ मिळवतो आणि शेवटी संक्षेप देऊन ४ हे उत्तर काढतो. उत्तर बरोबर असते. गुणही पूर्ण मिळतात. मात्र अपूर्णांक उलटा का केला, असे विचारताच तो गप्प होतो किंवा ‘नियमच तसा आहे’ एवढेच सांगतो.

याच मुलापुढे मोहनथाळाची थाळी ठेवावी. तिच्यात नऊ सारख्या वड्या पाडलेल्या आहेत. एक कुणीतरी उचलली आहे आणि आठ उरल्या आहेत. एका बशीत दोन वड्या याप्रमाणे किती बशा भरतील, असे विचारले तर तो क्षणाचाही विलंब न लावता ‘चार’ म्हणतो. उलटापालट नाही, बहात्तर नाहीत, अठरा नाहीत. वास्तविक त्याने वहीतलेच गणित सोडवलेले असते. आठ-नवमांश थाळीतून दोन-नवमांश थाळी किती वेळा काढता येते, हाच प्रश्न दोन्हीकडे होता. थाळीपुढे तो अर्थाने बोलला आणि वहीत नियमाने. व्यापारी घरांतील मुलांच्या बाबतीत ही दरी अधिक खटकते, कारण त्यांच्या आजोबा-पणजोबांनी अपूर्णांकांचा भागाकार आयुष्यभर थाळीच्याच रीतीने केला. दुकानाच्या गादीवर बसून तो त्यांनी दिवसातून पन्नास वेळा केला असेल. त्याला अपूर्णांकांचा भागाकार म्हणतात, हे मात्र त्यांतील अनेकांच्या मनातही आले नसेल.

अपूर्णांकातील वरचा आकडा आणि खालचा आकडा ही दोन वेगळ्या स्वभावाची माणसे आहेत. वरचा अंश मोजतो. खालचा छेद ओळख सांगतो. ‘आठ-नवमांश’ या शब्दात ‘आठ’ ही संख्या आहे आणि ‘नवमांश’ हे वस्तूचे नाव आहे, जसे ‘आठ वड्या’, ‘आठ आणे’, ‘आठ गुंजा’. एकदा हे ध्यानात आले की समान छेद असलेल्या अपूर्णांकांच्या भागाकारात शिकण्यासारखे फारसे उरत नाही. बारा आण्यांत तीन आणे किती वेळा जातात? चार वेळा. म्हणजेच १२/१६ ÷ ३/१६ = ४. छेद दोन्हीकडे एकच असल्यामुळे वस्तू एकाच जातीच्या आहेत. म्हणून फक्त संख्यांना भागायचे. वरच्याला वरच्याने भागले की काम संपले.

येथेच मुलांचा पहिला घोटाळा होतो. ८/९ ÷ २/९ याचे उत्तर ती ४/९ असे लिहितात. त्यांचेही पूर्णपणे चुकते असे म्हणता येणार नाही, कारण आदल्याच आठवड्यात त्यांना बेरीज-वजाबाकीत छेद तसाच ठेवायला शिकवलेले असते. आठ वड्यांतून दोन वड्या काढल्या तर सहा वड्या उरतात. वड्यांचे नाव उत्तरातही राहते, म्हणून तेथे ६/९. भागाकारात मात्र उत्तर वड्यांचे नसते, वेळांचे असते. बारा आण्यांना तीन आण्यांनी भागून चार ‘आणे’ येत नाहीत, नुसते चार येतात. तीन आण्यांची वस्तू बारा आण्यांत चार नग मिळते. आण्याला आण्याने भागले की आणा नाहीसा होतो. वजनाला वजनाने भागले की वजन नाहीसे होते आणि नवमांशाला नवमांशाने भागले की नवमांश नाहीसा होतो. छेद उत्तरात का उतरत नाही, याचे कारण एवढेच आहे.

जुन्या पेढीवरचा हिशेब पाहिला म्हणजे ही गोष्ट किती मुरलेली होती ते कळते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. मणाचे चाळीस शेर. या सर्व व्यवस्थेचा हेतूच असा, की अपूर्णांकाला प्रत्येक वेळी स्वतःचे नाव मिळावे आणि मोजणाऱ्याला पूर्णांकांतच वावरता यावे. सराफाकडे सव्वादोन तोळे सोने आले आहे आणि त्यातून साडेचार माशांचे एक अशी लहान पदके घडवायची आहेत. आजच्या पद्धतीने लिहिल्यास हे गणित ९/४ ÷ ३/८ असे होते आणि बऱ्याच पदवीधरांनाही कागद मागावा लागतो. सराफ मनात म्हणे : सव्वादोन तोळे म्हणजे दोनशे सोळा गुंजा, साडेचार मासे म्हणजे छत्तीस गुंजा, तेव्हा सहा पदके. त्याने दोन्ही अपूर्णांकांना ९६ हा समान छेद दिला होता. त्याचे नाव गुंज होते इतकेच.

सोळा, बारा, शहाण्णव हे आकडे निवडण्यातही व्यवहाराची जाण दिसते. त्यांना अनेक संख्यांनी नि:शेष भाग जातो. म्हणून अर्धा, पाव काढताना तुकडे पडत नाहीत. तृतीयांश मात्र बाराला आणि शहाण्णवला मानवतो, सोळाला नाही. रुपयाचा तृतीयांश आण्यांत बसेना, म्हणून पैपर्यंत उतरावे लागे : पाच आणे चार पै.

मराठी भाषा तर याहून पुढे गेली आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन या साऱ्या शब्दांच्या मुळाशी ‘चौथा भाग’ हे एकच माप आहे. पाऊण म्हणजे तीन पाव, सव्वा म्हणजे पाच पाव, दीड म्हणजे सहा पाव, साडेसात म्हणजे तीस पाव. ज्याच्या कानात हे बसले आहे त्याला साडेसात किलो मसाल्याचे सव्वा किलोचे किती डबे भरतील हे विचारले तर तो पाचाने तिसाला भागतो आणि सहा म्हणतो. पूर्वी गावठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आजच्या मुलांना ही नावे ऐकून हसू येते. घोकंपट्टीचा अतिरेक तेव्हाही होता आणि त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु त्या पाढ्यांत बोलला जाणारा प्रत्येक अपूर्णांक कशाचा तरी होता : धान्याचा, तुपाचा, कापडाचा, चांदीचा.

१ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पाठोपाठ मेट्रिक मापेही आली. हिशेब सोपा झाला यात संशय नाही. सोळाचे आणि शहाण्णवचे ओझे उतरले. सगळीकडे दहा, शंभर, हजार हेच छेद झाले. गंमत अशी की पद्धत तीच राहिली. ०.७५ ÷ ०.२५ सोडवताना विद्यार्थी दशांशचिन्ह दोन्हीकडे दोन घरे सरकवतो. ते सरकवणे म्हणजे दोन्ही रकमांचे पैसे करणे : पंच्याहत्तर पैसे भागिले पंचवीस पैसे. समान छेद घेतला, छेद गळाला, वरच्यांचा भागाकार उरला. आता हे यंत्र करते, म्हणून कोणी पाहत नाही.

छेद वेगळे असतील तर काय करायचे, हा प्रश्न येथे उभा राहतो. रुपयाला आण्याने थेट भागता येत नाही. आधी रुपयाचे आणे करावे लागतात. अपूर्णांकांतही वेगळे काही नाही. या क्रियेला आपल्या परंपरेत फार सुंदर नाव होते : कलासवर्ण. कला म्हणजे अंश, तुकडा. सवर्ण म्हणजे एकाच वर्णाचा, एकाच जातीचा. निरनिराळ्या जातींच्या तुकड्यांना एका जातीत आणणे ते कलासवर्ण. ठाणांग या आगमात संख्यानाचे जे दहा विषय मोजले आहेत, त्यांत कलासवर्णाचा समावेश आहे. पुढे इसवी सनाच्या नवव्या शतकात, सुमारे ८५० साली, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष यांच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला आणि त्यात अपूर्णांकांच्या प्रकरणाला हेच नाव दिले. अमोघवर्षांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. ग्रंथाच्या आरंभी आचार्यांनी गणिताचा उपयोग कोठे कोठे होतो याची जी यादी दिली आहे, तिच्यात पाकशास्त्रही आहे. मोहनथाळाच्या थाळीला त्यामुळे थोडा आधार मिळतो.

समच्छेद करताना सर्व छेदांचा गुणाकार करीत बसण्याऐवजी सर्वांत लहान सामाईक संख्या घ्यावी, हे महावीराचार्यांनी स्पष्टपणे सांगितले आणि तिला ‘निरुद्ध’ असे नाव दिले. आज शाळेत ज्याला लसावि म्हणतात, तोच हा. गणिताच्या इतिहासात या गोष्टीचा मान त्यांना दिला जातो. भागाकारासाठी मात्र त्यांनी भाजकाचा छेद अंशस्थानी नेऊन गुणाकार करण्याचा नियम दिला आहे. ब्रह्मगुप्तांच्या ६२८ सालच्या ग्रंथातही तोच नियम आहे. म्हणजे आजच्या वहीतला ‘उलटा करून गुणा’ हा इंग्रजी शाळांनी आणलेला नाही. तो आपल्याकडे बाराशे-चौदाशे वर्षे आहे. सूत्रात कारण देण्याची प्रथा नसे. कारण गुरूने समोर बसवून सांगायचे असे. सूत्र टिकले आणि सांगणारा गेला म्हणजे काय होते, ते वहीत दिसतेच. हा ग्रंथ १९१२ साली मद्रास येथे रंगाचार्यांच्या इंग्रजी भाषांतरासह छापला गेला आणि १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती काढली. लक्ष्मीचंद्र जैन यांनी तो अनुवाद केला. महाराष्ट्रातील घरांना तो ग्रंथ परका नाही, हे लक्षात असावे म्हणून एवढा तपशील.

आपल्याकडे भागाकारासाठी उलटण्याचा नियम रूढ झाला, तर चीनमध्ये समच्छेदाचा. तेथील ‘गणिताचे नऊ अध्याय’ हा अतिप्राचीन ग्रंथ, ज्यावर लिउ हुइ या गणितज्ञाने इसवी सन २६३ मध्ये भाष्य लिहिले, भागाकारापूर्वी दोन्ही बाजूंना एकच छेद देण्यास सांगतो. त्यातले एक उदाहरण व्यापाऱ्यांना आवडण्यासारखे आहे. तीन पूर्णांक एक तृतीयांश माणसांत सहा पूर्णांक एक तृतीयांश आणि वर पाऊण नाणे वाटायचे आहे. एका माणसाला किती मिळेल? एक तृतीयांश माणूस कोठून आणायचा, असे शाळेतला मुलगा विचारील. भागीदारीच्या पेढीत वाढलेला विचारणार नाही. तीन पूर्ण वाट्याचे भागीदार आणि चौथा नवखा, ज्याचा वाटा एक तृतीयांश. असे हिशेब किती वह्यांत सापडतील! सोडवण्याची रीत अशी : एकूण नाणी ७ १/१२, म्हणजे ८५/१२. माणसे ३ १/३, म्हणजे १०/३, म्हणजेच ४०/१२. आता दोन्हीकडे द्वादशांश आले. पंच्याऐंशीला चाळिसाने भागले की दोन पूर्णांक एक अष्टमांश. पूर्ण वाट्याच्या भागीदाराला २ १/८ नाणी. नवख्याला त्याच्या तृतीयांश.

याच उदाहरणातून उलटण्याच्या नियमाचे गुपितही उघडे पडते. ८५/१२ ÷ १०/३ हे समच्छेद करताना दुसऱ्या अपूर्णांकाचा अंश १० याला ४ ने गुणले. तसे साधारणपणे कोणतेही दोन अपूर्णांक घेतले आणि एकाचा छेद दुसऱ्याला, दुसऱ्याचा पहिल्याला लावून समच्छेद केले, तर पहिल्याचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणला जातो आणि दुसऱ्याचा अंश पहिल्याच्या छेदाने. २/३ ÷ ४/५ घ्या. पंधरांशात आणल्यावर १०/१५ ÷ १२/१५. छेद गळाले, उरले १०/१२, म्हणजे ५/६. आता उलटून पाहा : २/३ × ५/४ = १०/१२. तेच दहा, तेच बारा. उलटणे म्हणजे समच्छेद करण्याचे काम न लिहिता उरकणे. मधला १५ हा आकडा लिहिला काय आणि न लिहिला काय, तो जाणारच होता. अनुभवी मुनीम रोजमेळातली मधली बेरीज मनात ठेवून शेवटची रक्कम मांडतो, तसा हा प्रकार आहे. मुनिमाने असे करणे योग्यच. पहिल्या दिवशी कामावर आलेल्या उमेदवाराला मात्र ती मधली बेरीज लिहूनच दाखवावी लागते.

अर्थ हरवला की शिक्षकांचीही अडचण होते. लिपिंग मा या संशोधिकेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात २३ अमेरिकी आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना विचारलेल्या प्रश्नांची हकिकत आहे. एक प्रश्न होता : १ ३/४ ÷ १/२ सोडवा आणि या गणितावर एखादी गोष्ट रचा. सर्व चिनी शिक्षकांनी उत्तर बरोबर काढले आणि बहुतेकांनी योग्य गोष्ट रचली. अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांना उत्तर पूर्णपणे बरोबर काढता आले आणि अर्थाच्या दृष्टीने अचूक गोष्ट केवळ एका शिक्षकाला रचता आली. इतरांपैकी अनेकांनी वस्तू दोघांत वाटल्याची गोष्ट सांगितली. अर्ध्याने भागणे आणि अर्धे करणे यांत त्यांची गल्लत झाली. मराठीतही ही गल्लत सहज होते. पावणेदोन किलो तूप ‘अर्धे केले’ तर पाऊण किलोहून थोडे अधिक येते. तेच तूप ‘अर्ध्या किलोने भागले’ तर साडेतीन बरण्या भरतात. सात पाव भागिले दोन पाव. साडेतीन. पाऊणकी न शिकलेली गृहिणीही हे सांगेल, कारण तिच्यासमोर बरणी आहे.

साडेतीनमधली ती अर्धी बरणी मोठी महत्त्वाची आहे. समच्छेद भागाकारात खरा कस बाकीपाशी लागतो आणि तेथे घाई करून चालत नाही. थाळीत सात वड्या उरल्या आहेत, बशीत दोन-दोन ठेवायच्या आहेत. तीन बशा भरल्या, एक वडी राहिली. ती एक वडी थाळीचा एक-नवमांश आहे, म्हणून मुले उत्तर लिहितात : ३ १/९. बरोबर उत्तर ३ १/२ आहे. कारण आपण थाळ्या मोजत नसून बशा मोजत आहोत आणि एका वडीने अर्धी बशी भरते. एकच वडी, थाळीच्या हिशेबाने नववा भाग, बशीच्या हिशेबाने अर्धा भाग. उत्तरात कोणता लिहायचा हे मोजणी कशाची चालली आहे त्यावर ठरते.

कापडाच्या दुकानात हीच गोष्ट पैशांपर्यंत पोहोचते. ताग्यात पावणेअकरा मीटर कापड शिल्लक आहे. एका शर्टाला सव्वादोन मीटर लागते. पावणेअकरा म्हणजे त्रेचाळीस पाव, सव्वादोन म्हणजे नऊ पाव. त्रेचाळिसाला नवाने भागले की भागाकार चार, बाकी सात. आता हे सात कोण? ते सात पाव मीटर आहेत, म्हणजे पावणेदोन मीटरचा तुकडा. आणि तेच सात, नवांपैकी सात आहेत, म्हणजे एका शर्टाच्या कापडाचा सात-नवमांश. गणिताच्या वहीत ४ ७/९ लिहावे लागते. दुकानाच्या वहीत ‘चार शर्ट आणि पावणेदोन मीटर तुकडा’. दोन्ही खरे आहेत. पण ‘चार पूर्णांक सात-चतुर्थांश शर्ट’ हे खरे नाही, आणि यंत्रावर आलेला ४.७७ हा आकडा पाहून ‘चार शर्ट आणि पाऊण मीटरच्या वर थोडे’ असे समजणेही खरे नाही. अशा समजुतीने पावणेदोन मीटरचा तुकडा पाऊण मीटरच्या भावात निघून जातो. नव्या पिढीतील हुशार मुले यंत्र अचूक चालवतात. दशांशचिन्हापुढचा ७७ हा कापडाचा नसून शर्टाचा आहे, हे मात्र यंत्र सांगत नाही.

लहानाला मोठ्याने भागण्याची भीती तशी निराधार आहे. थाळीत दोनच वड्या आहेत आणि डबीत पाच मावतात. २/९ ÷ ५/९. डबी दोन-पंचमांश भरली. दुसरे काही शोधायला नको.

आता एक अट, जिच्याकडे शाळेचे पुस्तकही पुरेसे लक्ष देत नाही. समच्छेद म्हणजे खाली लिहिलेला आकडा सारखा, एवढे पुरत नाही. तो छेद ज्याचा आहे ते पूर्णही सारखे असले पाहिजे. मोठ्या परातीचा नवमांश आणि छोट्या थाळीचा नवमांश दोन्ही १/९ असेच लिहिले जातात, तरी त्यांचा एकमेकांत भागाकार करून मिळालेला ‘एक’ खोटा असतो. व्यापारात हा फसवा नवमांश शेकड्याच्या रूपाने येतो. टक्का म्हणजे दुसरे काय? शंभर हा छेद सर्वांना वाटून दिलेला अपूर्णांक. सर्व टक्के जन्मतःच समच्छेद असतात, म्हणून त्यांची तुलना सोपी वाटते.

ती सोपी असते तेथे निश्चिंतपणे करावी. कॅश क्रेडिट खात्यावरील व्याजाचा दर आठ टक्क्यांवरून बारा टक्के झाला, तर लोक म्हणतात, ‘चारच टक्के वाढले.’ मुद्दल तेच आहे, म्हणजे पूर्ण तेच आहे. तेव्हा १२/१०० ÷ ८/१०० करता येते. शंभर गळाले, बारा भागिले आठ, म्हणजे दीड. व्याज दीडपट झाले. दहा लाखांच्या उचलीवर वर्षाला ऐंशी हजार जात होते, तेथे एक लाख वीस हजार जातील. ‘चारच’ हा शब्द वजाबाकीचा आहे आणि खिशाला भागाकार जाणवतो. कर्जाची मुदत ठरवताना किंवा दोन बँकांचे दर ताडून पाहताना वजाबाकी करायची की भागाकार, हे घरातल्या कर्त्या माणसाने आधी ठरवलेले बरे.

पूर्ण बदलते तेथे मात्र हाच सरळ हिशेब घर बिघडवतो. समजा, दोन भावांची दोन दुकाने आहेत. दिवाळीत चोपडापूजन झाल्यावर गोष्ट निघते. थोरला म्हणतो, ‘मला मालावर पंचवीस टक्के सुटतात.’ धाकटा म्हणतो, ‘मला वीसच सुटतात.’ पंचवीस भागिले वीस म्हणजे सव्वा. थोरल्याचे दुकान सव्वापट चांगले चालते, असा सगळ्यांचा समज होतो. धाकट्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर तो दिसतो. पुढे वाटणीच्या वेळी, कोणाला कोणते दुकान आणि वर किती रोख, या बोलण्यात तोच ‘सव्वा’ मध्ये येतो.

कोणीतरी एकदा दोघांच्या वह्या शेजारी ठेवून एकच रुपया शोधायला हवा. थोरला ऐंशी रुपयांचा माल शंभराला विकतो आणि वीस रुपयांचा नफा खरेदीच्या ऐंशींवर मांडतो. ऐंशींवर वीस म्हणजे शेकडा पंचवीस. धाकटाही ऐंशीचा माल शंभरालाच विकतो. पण तो नफा विक्रीच्या शंभरावर मांडतो, म्हणून शेकडा वीस. दोघांच्या खाली शंभर लिहिलेले होते. एकाचे शंभर खरेदीचे आणि दुसऱ्याचे विक्रीचे. थोरल्याचा नफाही विक्रीवर मांडला की दोन्ही आकडे खऱ्या अर्थाने समच्छेद होतात. २०/१०० ÷ २०/१००. एक.